कोणाच्या राज्याचे वर्ष?

नागभीडजवळच्या देवटेक गावी एक मोठी शिळा सापडली. ती आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. तिच्यावर ब्राह्मी लिपीतले दोन लेख आहेत. पहिला प्राकृतातला, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला. प्राण्यांना पकडू नये, मारू नये, आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा होईल, असे तो बजावतो आणि वर्षाचा आकडा देतो १४. दुसरा लेख संस्कृतातला, पहिल्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी कोरलेला. चिक्कंबुरी येथील हे राजा रुद्रसेनाचे धर्मस्थान, एवढीच त्याची माहिती. देवटेकला लागून असलेले चिकमारा म्हणजेच ही चिक्कंबुरी, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले.

आज ज्या जिल्ह्यात ताडोबा आहे, तिथे बावीसशे वर्षांपूर्वी शिकारबंदीची आज्ञा दगडावर कोरली गेली होती, ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला सांगावी अशीच आहे. या पुस्तकाचा विषय मात्र त्या लेखातल्या १४ या आकड्यापासून सुरू होतो. चौदावे वर्ष कोणाचे? आज्ञा देणाऱ्याचे नाव लेखात नाही. तो स्वतःला नुसता ‘सामी’, म्हणजे स्वामी म्हणवतो. मिराशींनी हे वर्ष सम्राट अशोकाच्या राज्याचे मानले. लिपीचे वळण त्या काळाचे आहे, मजकूर अशोकाच्या धर्माज्ञांसारखा आहे, आणि अभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर आपण धर्ममहामात्र नेमले असे अशोक आपल्या पाचव्या शिलालेखात स्वतःच सांगतो. तेरा वर्षे पुरी होऊन चौदावे लागले, तेव्हाच असा एखादा अधिकारी वैनगंगेच्या या खोऱ्यात येऊन पोचला असावा. तर्क सुंदर आहे आणि मला तो पटतो. पण त्या काळच्या चिक्कंबुरीकराला तर्क करावा लागला नव्हता. स्वामी कोण हे त्याला ठाऊक होते, आणि वर्ष त्या स्वामीचे होते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पहिल्याच वळणावर अडवतो. वाकाटकांचेच पाहा. विदर्भावर सुमारे अडीचशे वर्षे राज्य करणाऱ्या या घराण्याने स्वतःचा शक सुरू केला नाही, दुसऱ्याचाही सहसा वापरला नाही. वरोरा तालुक्यातल्या वडगाव येथे दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट मिळाला. त्यावर साल आहे पंचविसावे. हे पंचविसावे वर्ष प्रवरसेनाच्या राज्याचे. तो वारला की मोजणी संपली, मुलगा गादीवर बसला की पुन्हा पहिले वर्ष. अशा ताम्रपटांची कितीही मोठी चवड रचली तरी त्यातून इसवी सन निघत नाही. प्रवरसेनाचा काळ आपल्याला सांगता येतो तो त्याच्या आईमुळे. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिच्या ताम्रपटात माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ आली आहे आणि गुप्तांची कालगणना आपल्याला माहीत आहे. प्रवरसेनाच्या शाखेच्या सगळ्या राज्यवर्षांचा भार अशा रीतीने एका सासरवाशिणीने लिहून ठेवलेल्या माहेरच्या नावांवर उभा आहे.

राजाच्या नावाने वर्ष मोजण्याची ही रीत जगात सगळीकडे होती, पण जपानइतकी ती कोणी जपली नाही. तिथे बादशहाच्या दरबारात कालखंडाला शुभ नाव देत आणि त्या नावाचे पहिले, दुसरे, तिसरे असे वर्ष मोजत. ७०१ सालापासून ही परंपरा अखंड चालू आहे. १ मे २०१९ रोजी तिथे ‘रेइवा’ हा कालखंड सुरू झाला आणि आजही सरकारी कागदावर तेच वर्ष पडते. हल्ली एका बादशहाला एकच नाव असते, हा नियम १८६८ नंतरचा. मध्ययुगात भूकंप झाला, साथ आली, धूमकेतू दिसला की नाव बदलत, कारण नाव बदलले की काळाचा दोष जाईल अशी श्रद्धा होती. शिजो नावाचा बादशहा १२३२ मध्ये अगदी लहान असताना गादीवर आला आणि १२४२ मध्ये, वयात येण्याआधीच, खेळताना घसरून पडल्याचे निमित्त होऊन वारला. त्याच्या दहा वर्षांच्या कारकिर्दीत सात कालखंड येऊन जातात. त्यांतला ‘र्‍याकुनिन’ सगळ्यात अल्पायुषी. १२३८ च्या डिसेंबरअखेरीस तो सुरू झाला आणि १२३९ च्या मार्चमध्ये संपला. त्या नावाचा उच्चार माणसे नाहीशी होण्याच्या अर्थाकडे झुकतो, अशी कुजबुज लोकांत सुरू झाली आणि अडीच महिन्यांत ते नाव टाकून द्यावे लागले. राज्याचा खरा कारभार तेव्हा कामाकुराच्या लष्करी सत्तेकडे होता. पण काळाला नाव देण्याचा हक्क क्योतोतल्या दरबाराने सोडला नव्हता, आणि कामाकुराचे सेनानीही आपल्या कागदांवर त्या पोरवयाच्या बादशहाचेच वर्ष घालत होते. त्यांनी १२३२ मध्ये एकावन्न कलमांचा कायदा केला. जो ‘जोएई’ कालखंड तेव्हा चालू होता तो पुरता वर्षभरच टिकला, पण कायदा अजूनही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

र्‍याकुनिनच्या त्याच हिवाळ्यात, १२३८-३९ मध्ये, इकडे देवगिरीला सिंघण यादवाच्या दरबारात शके ११६० चालू होते, विलंबी नाम संवत्सर. या दोन्ही गोष्टींत राजा कुठेच नाही. शक एकदा सुरू झाला तो पुढे चालत राहिला, त्याच्या मुळाशी कोण होता याची कोणाला फिकीर उरली नाही. प्रभव, विभव ही साठ नावे तर कोणाच्याच मालकीची नाहीत. ती संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. राजा मेला, राज्य बुडाले तरी पंचांग बुडत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासलेखकावर शककर्त्याचे हे मोठे उपकार आहेत. विदर्भात त्याची एक फार जुनी खूण वाशिम जिल्ह्यातल्या हिस्से-बोराळा येथे आहे. तिथल्या तलावाच्या लेखात वाकाटक देवसेनाच्या काळात शके ३८० असा स्पष्ट आकडा येतो. एवढ्या एका आकड्याने वाकाटकांच्या वाशिम शाखेचा काळ पक्का झाला. चंद्रपूर जिल्ह्यात भांदक येथे मिळालेला राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाचा ताम्रपट शके ६९४ चा आहे, म्हणजे इ. स. ७७२. कृष्णाच्या राज्याचे ते कितवे वर्ष होते हे माहीत नसले तरी आपले काही अडत नाही.

शक सोडून स्वतःचा काळ सुरू करावा, असे मोठ्या राजांना वाटत राहिले हेही खरे. कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याने १०७६ मध्ये राज्यावर येताच आपल्या नावाचे वर्ष चालू केले आणि कर्नाटकातल्या शेकडो लेखांत ते सापडते. पण त्याच्याच मांडलिकाचा जो लेख नागपूरला सीताबर्डीत मिळाला, त्यावर शके १००८ आहे. धन्याचा नवा काळ इकडच्या दगडापर्यंत पोचलाच नाही. शिवाजी महाराजांनी ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, राज्याभिषेक शक सुरू केला. स्वराज्य हे कोणाचे मांडलिक नाही, हे सांगण्याचा तो सगळ्यात खणखणीत मार्ग होता. जो काळाला नाव देतो तो कोणाचा चाकर नसतो, हे महाराजांनी ओळखले होते. मराठी राज्य १८१८ मध्ये गेले आणि हा शक रोजच्या लिहिण्यातून मागे पडला.

आता चांद्याच्या गोंड राजांकडे वळतो. या पुस्तकाचा मोठा भाग त्यांनी व्यापला आहे आणि माझा जीवही त्यांच्यातच गुंतला आहे. त्यांनी चंद्रपूरला सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट बांधला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या आजही गावाच्या रोजच्या बोलण्यात आहेत. बल्लारपूरचा किल्ला, अंचलेश्वर आणि महाकालीची देवळे, तलाव, समाध्या, इतके बांधकाम विदर्भात दुसऱ्या घराण्याच्या नावावर क्वचितच असेल. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे राजचिन्ह आहे. पण कोट कोणत्या वर्षी बांधायला घेतला ते मात्र कोरलेले नाही. जपानच्या बाळराजाच्या दहा वर्षांना सात नावे मिळाली. गोंडांच्या कित्येक शतकांना स्वतःचे एकही नाव मिळाले नाही. म्हणून त्यांचा काळ नेहमी दुसऱ्यांनी मोजला.

मोजणाऱ्यांत ठळक नाव मेजर लुसी स्मिथ यांचे. इंग्रजी अमलातल्या चांदा जिल्ह्याचा त्यांचा बंदोबस्त अहवाल १८६९ चा आहे. त्यात स्थानिक लोकांकडून मिळालेली गोंड राजांची यादी येते. भीम बल्लाळसिंग हा पहिला, नीलकंठशहा हा शेवटचा, मिळून एकोणीस कारकिर्दी. आरंभ नवव्या शतकाच्या उत्तरार्धात धरला आहे आणि शेवट १७५१ मध्ये. म्हणजे जवळजवळ पावणेनऊशे वर्षांत एकोणीस राजे, दर राजाला पंचेचाळीसहून अधिक वर्षे. हे होणे नाही. मोगलांचे उदाहरण घेतले तर बाबराने १५२६ मध्ये दिल्ली जिंकल्यापासून १७०७ मध्ये औरंगजेब वारेपर्यंत सहा बादशहा झाले, सरासरी तीस वर्षे पडतात, आणि त्यांत अकबर-औरंगजेबासारखे पन्नास-पन्नास वर्षे तगलेले आहेत. या हिशोबाकडे बोट दाखवून अनेकांनी ती सगळी यादीच भाकडकथा म्हणून बाजूला सारली. मला ते मान्य नाही. लोकस्मृती आकड्यांत चुकते, नावांच्या क्रमात तितकी चुकत नाही.

यादीत चौदावा आहे बाबाजी बल्लाळशहा. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत हाच बाबजी नावाचा गोंड जमीनदार भेटतो. एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ बाळगणारा, आणि जवळच वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद. वैरागड आज आरमोरी तालुक्यात आहे. आईनचा हा मजकूर सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला. इथे खुंटी पक्की झाली. त्याच्यानंतर १७५१ पर्यंत पाच राजे होतात, धुंड्या रामशहा, कृष्णशहा, बीरशहा, रामशहा आणि नीलकंठशहा. दीडशे वर्षांत पाच कारकिर्दी, यात अवघड काहीच नाही. आता उलट्या दिशेने जाऊ. बाबाजीसह चौदा कारकिर्दींना पंचवीस-पंचवीस वर्षे दिली तर घराण्याचा आरंभ तेराव्या शतकाच्या मध्याला येतो आणि कोटाचा पाया घालणारा खांडक्या बल्लाळशहा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण यादीतल्या नावांना न दुखवता तो बसतो, म्हणून पुढच्या प्रकरणांत मी तोच धरून चाललो आहे.

हिराई राणीच्या काळात गोष्टी थोड्या उजेडात येतात. तिच्या लग्नानंतरच्या काळात चांद्याचे राज्य मोगलांच्या दडपणाखाली होते. १६६७ मध्येच दिलेरखान येऊन जबर खंडणी ठरवून गेला होता. नवरा बीरशहा खून होऊन गेला तेव्हा तिने चंदनखेड्याच्या घराण्यातला रामशहा दत्तक घेतला आणि मुलगा जाणता होईपर्यंत राज्य स्वतः चालवले. तिच्या कारभाराची साले साधारणतः १७०४ ते १७१९ अशी देतात. नवऱ्याची समाधी तिने बांधली, महाकाली आणि अंचलेश्वरची देवळे तिच्या नावाने सांगितली जातात. दर चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यापासून माणसे येतात. त्यांतल्या किती जणांना हिराईचे नाव माहीत असेल ते देवीलाच ठाऊक. पंधरा वर्षांचा हा तुकडा चांद्याच्या इतिहासातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा आहे. एका विधवा बाईने दत्तक मुलाच्या नावाने राज्य राखले, पण लिहिणाऱ्यांनी तिची वर्षे रामशहाच्या खात्यात टाकली. या पुस्तकात हिराईचे प्रकरण रामशहाच्या पोटात न घालता स्वतंत्र केले आहे.

पुढचे सांगायला फार वेळ लागत नाही. नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी १७५१ मध्ये चांदा घेतले, नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला. मराठी दप्तर आले, फसली साल आले, महसुलाचे हिशोब आले. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल ॲडम्सच्या फौजेने कोट फोडला, १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यच खालसा झाले. तिथून पुढे या भागातल्या घटनांना दिवस आणि तारीख मिळते. इंग्रजांविरुद्ध उठलेले मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले ती तारीख २१ ऑक्टोबर १८५८. ज्यांनी दरवाजे बांधले त्यांचा एकही दिवस आपल्याला ठाऊक नाही, आणि त्यांच्यातल्या एका तरुणाच्या मरणाचा दिवस मात्र मारणाऱ्यांच्या कागदामुळे अचूक माहीत आहे. हे लिहिताना हात जड होतो.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे, आणि तिच्याशिवाय हा विषय अर्धाच राहिला असता. भामरागड, एटापल्लीच्या माडिया गावांत वर्ष राजाचे नसते. विज्जा पंडुम हा सण झाला की बियाणे शेतात जाते, मरका पंडुम होईपर्यंत नवा आंबा तोंडाला लावत नाहीत. मोहफूल वेचण्याचे दिवस, तेंदूपत्त्याचे दिवस, अशी वर्षाची वाटणी आहे. जुनी गोष्ट सांगताना म्हातारी माणसे सन सांगत नाहीत. अमक्याच्या आज्याने गाव बसवले तेव्हा, नदीला तो पूर आला तेव्हा, रोगाने गाव उठले तेव्हा, असे सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकांनी याला फार काळ पुरावा मानले नाही.

ते मानायला भाग पाडले एका कायद्याने. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे. त्या तारखेपूर्वीपासून जमीन कसत असल्याचे, जंगल वापरत असल्याचे दाखवावे लागते. आदिवासी नसलेल्या वननिवासी कुटुंबाला तर पंचाहत्तर वर्षांचा, म्हणजे तीन पिढ्यांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्या गावाकडे कागदच नाही त्याने काय करायचे? नियमांनी वाट ठेवली. सरकारी कागदांबरोबर विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि म्हाताऱ्यांची लेखी घेतलेली साक्ष हाही पुरावा ठरला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क सगळ्यात आधी मिळालेल्या गावांत ते आहे. पूर्वज कोठे पुरले आहेत, देव कोठे आहे, कोणत्या पहाडावरून बांबू आणला जाई, हे ज्यांनी पाठ ठेवले होते त्यांची स्मृती सरकारी दप्तरात तारखेच्या बरोबरीने बसली. देवटेकच्या लेखात आज्ञा वरून खाली आली होती. इथे काळाची साक्ष खालून वर गेली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या इतिहासाची नवी साधने यापुढे ग्रामसभांच्या या दाव्यांच्या फायलींत सापडतील, असे मला मनापासून वाटते. त्या फायली ओलीने, वाळवीने खराब होण्याआधी कोणीतरी वाचल्या पाहिजेत. विद्यापीठातल्या तरुण संशोधकांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

आता पुस्तकाच्या मांडणीविषयी. जिथे लेखात शक आहे तिथे तो आधी दिला आहे आणि इसवी सन नंतर. जिथे नुसते राज्यवर्ष आहे तिथे राजाचे नाव आणि वर्षाचा आकडा मूळ लेखात आहे तसाच ठेवला आहे, आणि अभ्यासकांनी बांधलेला इसवी सन ‘सुमारे’ या शब्दासह जोडला आहे. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास येतो. मराठी पत्रांतल्या सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, कारण तो मृगापासून सुरू होतो. दगड कोणत्या गावचा याबद्दल मतभेद असतील तर दोन्ही गावांची नावे दिली आहेत. भवदेव रणकेसरीचा जो लेख बरीच वर्षे भांदकचा म्हणून छापला जात होता, तो मुळात छत्तीसगडातल्या आरंगचा असल्याचे मिराशींनी दाखवले. तेव्हा दगडाचे वर्ष विचारण्याआधी त्याचे गाव विचारावे लागते. गोंड राजांच्या कारकिर्दींपुढे आकडा न लिहिता यादीतला क्रमांक लिहिला आहे, बाबाजी बल्लाळशहापासून पुढे मात्र साले आहेत. गावच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेला काळ त्यांच्याच शब्दांत आहे. त्याला सन जोडायचा झाला तर तो समासात दिला आहे, मजकुरात मिसळलेला नाही.